द्वारकेनं नापास केलेली माती

जरा पुढं सरका बरं. ही लांब बसून ऐकायची गोष्ट नाही, आणि माझा आवाजही आता पहिल्यासारखा राहिला नाही. पण सांगण्याआधी चार शब्द रागावून घेते. तुमच्या सगळ्यांच्या मोबाईलात ढिगानं फोटो असतात. भाजीचे असतात, चहाच्या कपाचे असतात, स्वतःचं तोंड वाकडं करून काढलेले असतात. पण बापाचा एका बाजूनं काढलेला फोटो दाखवा म्हणलं, तर एकाकडं निघत नाही. आईची मान मागून कशी दिसते, केस कुठं संपतात, कानामागं काय आहे, हे सांगणारं माणूस मला क्वचितच भेटलं. सगळे आपले समोरून बघतात. आणि माणूस गेलं की माझ्याकडं येतात, नखाएवढा फोटो पुढं करतात आणि म्हणतात, "मावशी, हुबेहूब झालं पाहिजे."

कशाच्या जिवावर हुबेहूब? फोटोला पाठ नसते, बाबांनो. पुतळ्याला असते.

या अंकासाठी लिहा म्हणून मागं लागलेली पोरगी म्हणली, "मावशी, तुमच्या कलेविषयी लिहा." मी म्हणले, कला-बिला मला कळत नाही. मी कुठल्या शाळेत शिकले नाही. अंगणातल्या रांगोळीवरून भिंतीवर गेले, भिंतीवरून कागदावर, कागदावरून मातीत. परभणीत, विद्यापीठाच्या अलीकडं आमच्या घरामागं पत्र्याचं शेड आहे, तेच माझं कॉलेज. तिथं इतकी वर्षं मी काय केलं म्हणाल, तर भ्याले. भीत भीत काम केलं. तेवढं मला लिहिता येईल.

कागदावर पेन्सिलीनं तोंड काढणं सोपं. फोटो सपाट, कागद सपाट. चौकटी आखायच्या आणि एकेक चौकट इकडून तिकडं न्यायची. रंगाचं काम त्याहून अवघड, पण रंगात लपवाछपवी चालते. कान जमेना, टाका काळी सावली. खांदा जमेना, पांघरा शाल. एकदा एका घरचे लोक लग्नातल्या घोळक्याचा फोटो घेऊन आले. त्यातली कडेची बाई त्यांची माय. तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात. कुणाचा, ते घरात कुणाला सांगता येईना, आणि त्यावरून तिथंच भांडण लागायची पाळी. मी त्या हातावर पदर रंगवला. सगळे म्हणले, वा, मायच बसली!

मातीत असं चालत नाही. मातीभोवती माणूस फिरतं. सगळीकडून बघतं. लपवायला कोपराच नसतो.

काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आधी फोटोवरून पेन्सिलीचं चित्र. मग लोखंडी सळईच्या सांगाड्यावर माती चढवून डोकं आणि खांदे. माती वाळू नये म्हणून तिच्यावर ओलं फडकं. (या फडक्यांमुळं आमचा दूधवाला शेडमध्ये पाय ठेवत नाही. "मावशी, ती मंडळी झाकून हायेत का उघडी?" असं रस्त्यावरूनच विचारतो.) मग घरचे येतात आणि माती बघतात. नाक, कान, हनुवटी, सगळं पटलं की म्हणतात, "पास." आमच्याकडं त्याला माती पास करणंच म्हणतात. पास झाल्यावर मगच साचा काढायचा, आणि साच्यातून सिमेंटचा नाहीतर फायबरचा पुतळा.

आणि एक गोष्ट मी माझी मी ठरवलेली आहे. पास होईपर्यंत मी डोळे कोरे ठेवते. नुसता गुळगुळीत गोल. पास म्हणलं की घरच्यांच्या समोर कोरणी घेते आणि बुब्बुळं खोदते. बुब्बुळ खोदलं की मातीचा गोळा बघायला लागतो. तोवर तो कुणीच नसतो.

याची चेष्टा मीही करायचे. मग बोरी गावचे एक रिटायर गुरुजी आले. म्हणले, "बाई, पुतळा करायचा."

"कुणाचा?"

"माझाच. पोरांवर भरवसा न्हाई. मेल्यावर कुठलाही फोटो देतील. एका फोटोत तर मी शिंकायलोय."

समोर बसून करून घेतला त्यांनी. जिवंत माणसाचा पुतळा मी आजवर तेवढाच केला. स्वतःच माती पास केली, स्वतःच "खोदा डोळे" म्हणले. सिमेंटचा पुतळा हौसेनं घरी नेला. थोड्या दिवसांनी बघते तर गुरुजी रिक्षात, मांडीवर पुतळा, गळ्याला मफलर, तोंड उतरलेलं.

"बाई, हे माझ्याकडं बघायलंय."

"बघंल की. तुमचंच आहे."

"तसं न्हाई. वाट बघायलंय."

"कशाची?"

"माझी, दुसऱ्या कशाची? तुमी डोळे बुजवा आधी."

बुजवले. माझ्याच घरी पोटभर जेवले आणि पुतळा मांडीवर घेऊन गेले. ठणठणीत आहेत अजून. पण त्या दिवसापासून डोळ्यांची चेष्टा मी सोडली. हातात कोरणी घेतली की तोंड कोरडं पडतं, ते अजून पडतं.

आता द्वारकेचं सांगते. सांगायचं खरं तर तेवढंच आहे.

चुडाव्याचे बालाजीराव एकदा मोबाईल घेऊन आले. शेतकरी माणूस, टोपी हातात घेऊन बसलेले. फोटो दाखवला. फोटो कसला, कुठल्यातरी जुन्या कार्डावरचा पुसट चेहरा, कपाळावर टोपीची सावली.

"दादाचा करायचाय," म्हणले.

"कधी गेले?"

ते स्वतःच्या पायांकडं बघायला लागले. "गेला का न्हाई, तेच म्हाईत न्हाई, मावशी."

त्यांचा थोरला भाऊ किशनराव. त्याला अर्धशिशीचा त्रास. डोकं उठलं की भिंतीला टेकून बसायचा. तर एक दिवस सकाळच्या पॅसेंजरनं चुडाव्याहून परभणीला डोक्याचं औषध आणायला निघाला, संध्याकाळच्या गाडीनं येतो म्हणला. आलाच नाही. पोलिसांत दिलं, दवाखाने बघितले, स्टेशनं बघितली, देव बघितले, दर्गे बघितले. वर्षं गेली. किशनरावाची लेक लग्नाला आली. म्हातारी आई वाट बघून गेली, आणि जाताना बालाजीरावांचा हात धरून म्हणली, "किशनला पाणी दे रे." पाणी कुणाला देतात? मेलेल्याला. म्हणजे आईनं त्याला मेला म्हणून टाकलं.

तिथून बालाजीरावांच्या मागं भीती लागली. म्हैस दगावली. धाकट्या पोरीला ताप येऊ लागला. जाणत्यानं सांगितलं, भाऊ बाहेर उपाशी फिरायलाय, पितरात त्याचं ताट कुणी वाढत नाही. आता उपाय म्हणजे पिठाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, दिवस घालायचे, आणि शेतात आईच्या समाधीच्या ओट्याशेजारी किशनरावाचा ओटा बांधून वर मी केलेला पुतळा बसवायचा. पितरं लागायच्या आत.

"माझ्या लेकरायला काई झालं म्हंजे मी काय करू, मावशी?" ते म्हणले. ही भीती खोटी नव्हती. बालाजीराव वाईट माणूस नव्हे, हे आधीच लिहून ठेवते.

मी विचारलं, "भावजय काय म्हणते?"

"वहिनीच पास करतील माती. त्यांच्याएवढं दादाचं तोंड कुणी बघितलंय?"

मी चित्र काढलं, माती चढवली, निरोप धाडला. दोघं आले. द्वारका पुढं, दीर मागं. पन्नाशीच्या अलीकडची बाई. कपाळभर कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या, पायात जोडवी. आमच्या शेडमध्ये येणाऱ्या बाया बहुतेक मोकळ्या कपाळाच्या असतात, म्हणून मी बघतच राहिले. मी फडकं काढलं. तिनं एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

बालाजीरावांना फोन आला म्हणून ते बाहेर गेले. तशी ती हळूच म्हणली, "मावशी, डोळे कवा खोदता?"

"माती पास झाल्यावर."

"आन् पास झाली न्हाई तर?"

"तर परत करायची."

"किती डाव?"

"पास होईस्तोवर."

दीर आत आला तेव्हा पदर सारखा करून म्हणली, "नाक चुकलंय. एवढं बारीक नव्हतं. रुंद होतं."

"वहिनी, मला तर दादाच दिसायलाय."

"तुमी भाऊ हाव. मी बायको हाय."

मी नाक रुंद केलं. पुढच्या खेपेला कान चुकले. मग हनुवटी. मग कपाळ. बालाजीराव दर खेपेला म्हणायचे, "मला तर काई फरक दिसंना," आणि ती म्हणायची, "दिसायचा न्हाई तुमाला." एकदा म्हणली नाक फार रुंद झालंय, बारीक करा. मी बारीक केलं, आणि हात थांबला. पहिल्या दिवशीचंच नाक होतं ते.

ती एकटी असताना मी विचारलं, "द्वारका, हे मी आधी केलं होतं की ग."

तिनं दाराकडं बघितलं, दीर येत नाही ना म्हणून. मग एकदम माझ्या पायांवर वाकली. "मावशी, मी पास म्हणलं की मेले ते. पिठाचा करून जाळणार, हार घालणार, माझं कपाळ पुसणार. ते कुठं जित्ते असतील, अन् हिकडं बायकोनंच आपल्या तोंडानं मारलं. मी कसं म्हणू व?"

आता सांगा, मी काय करायचं? दीर म्हणतो, भाऊ मेलेला असून उपाशी ठेवला तर घर खाईल. भावजय म्हणते, जिवंत असून जेवू घातलं तर मरेल. दोघांची भीती खरी, आणि दोघांच्या मध्ये माझी माती. मी गप्प राहिले. ती चुकलं म्हणायची, मी बदलायची. हे शेजारपाजारच्या लोकांना खेळ वाटेल. मला नाही वाटला. बालाजीरावांची धाकटी पुन्हा तापली असं कळलं की मी हातातली कोरणी खाली ठेवायचे. वाटायचं, त्या लेकराला काही झालं, तर त्यात माझ्या हातांचा भाग किती?

आणि दुसरी भीती मातीतच होती. बदलत बदलत तो चेहरा कुणाचाच राहिला नव्हता. फोटोतला नाही, चित्रातला नाही. माझ्या शेडमध्ये एक असा माणूस बसला होता, की जो जगात कधी जन्मलाच नाही. मी सकाळी फडकं भिजवायला जायचे तर त्याच्याकडं पाठ करून उभी राहायचे. एक दुसरंच गिऱ्हाईक आलं, फडकं सरकलेलं होतं, तर ते दचकून म्हणलं, "मावशी, हे आमच्या सासऱ्याचं कुणी केलं?" दुसऱ्याला त्यात त्याचा मामा दिसला. कोऱ्या भिंतीवर ज्याला जे भूत दिसायचं ते दिसावं, तसं झालं.

पितरं जवळ आली. बालाजीरावांचा फोन आला, आवाज चढलेला. "मावशी, लय झालं. येत्या सोमवारी मीच येतो अन् मीच पास करतो. वहिनीला म्या सांगितलंय." मी बरं म्हणले.

सोमवारच्या आधी द्वारका एकटीच आली. पॅसेंजरनं येऊन स्टेशनापासून चालत आली होती. घामानं कुंकू ओघळलेलं. बस म्हणलं तर बसली नाही. सरळ मातीसमोर जाऊन उभी राहिली आणि एकसारखी बघत राहिली. मग माझ्याकडं वळली.

"मावशी, ह्यांचं नाक कसं होतं?"

मला वाटलं, पुन्हा बदलायला लावतेय. मी म्हणले, "तूच सांग, कसं करू?"

"न्हाई व. खरंच इचारायलेय. मला आठवंना."

मी हातातलं खाली ठेवलं.

"मी रुंद म्हणले, बारीक म्हणले, कान आसं म्हणले, तसं म्हणले. आता डोळे मिटले की ह्योच येतो म्होरं. ह्यो मातीचा. ह्यांचं तोंडच येईना. काल लेकीनं इचारलं, आई, बाबा हसताना कसे दिसायचे, तर मी न्हाईच सांगू शकले. मावशी, तुमच्या मातीनं माझा माणूस खाल्ला."

इतकी वर्षं काम केलं, पण असं वाक्य कुणी मला ऐकवलं नव्हतं. मी धावत जाऊन पहिलं पेन्सिलीचं चित्र काढून आणलं. तिनं हातात धरलं, उजेडात नेलं, परत आणलं. "असंल," म्हणली. "असंल, पन मला कळंना." मोबाईलातला फोटो दाखवला. तिथं तर टोपीची सावलीच जास्त. ती खाली बसली आणि बांगड्या मुठीत धरून नुसतं "माय व, माय व" करायला लागली. नवऱ्याला मारणार नाही म्हणून खोटं बोलली, आणि त्या खोट्यानं तो तिच्या आतूनच चालला होता.

मीही घाबरले. पण हात रिकामे असले की मला जास्त भीती वाटते. मी तिला पाणी दिलं आणि म्हणले, "तोंडाचं सोड. त्यांचं डोकं उठायचं तेव्हा तू काय करायचीस?"

"दाबायची."

"कसं?"

"ते उंबऱ्यात बसायचे खाली. मी मागं बसायची, पाटावर. अन् दाबायची."

"मागून?"

"मागूनच की. तोंडावर उजेड नको वाटायचा त्यांना."

मी उठले. त्या मातीच्या तोंडावर फडकं टाकलं, तिवई फिरवली आणि डोक्याची मागची बाजू तिच्याकडं केली. मागची बाजू मी अंदाजानंच केली होती. सगळ्यांची अंदाजानंच करते. तिच्यामागं पाट ठेवला. "बस. डोळे मिट. हात घाल."

"मिटले की ह्योच दिसतो."

"दिसू दे. तू बघूच नको. दाब."

ओल्या मातीला हात लावताना ती शहारली. मग बोटं कानशिलावर गेली. थोडा वेळ तिथंच राहिली. मग दाबायला लागली, सावकाश, आपल्या घरातल्या उंबऱ्यात बसून दाबावं तशी. माती दबत गेली. "हितं खड्डा होता," म्हणली. मी शेजारी बसून तिच्या बोटांच्या मागं मागं कोरणी चालवत होते. "हितं एवढं फुगीर न्हाई... उजव्या कानामागं गाठ हाय, बोराच्या बीएवढी... ही शीर, ही दाबली की ते हं म्हणायचे." मान तिनं अलगद डावीकडं कलती केली. म्हणली, कायम अशीच धरायचे, दुखऱ्या बाजूला भार नको म्हणून.

आजवर प्रत्येक चेहरा मी नाकापासून सुरू केला होता. हा पाठीमागून पुढं आला. कानशिलं बसली तशी गालाची हाडं कुठं हवीत ते कळलं. जबडा कळला. मान कलती झाल्यावर हनुवटी आपोआप एका बाजूला आली. तिचे हात थकून मांडीवर पडले तेव्हा मी तिवई माझ्याकडं फिरवली, फडकं काढलं आणि ते खोटं नाक बोटानं पुसून टाकलं. नवं नाक मी केलं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हाडांनी जागा दिली तिथं ते बसलं.

"उघड डोळे," मी म्हणले, आणि स्वतः तिच्याकडं बघायचं टाळलं. जमलं नसतं, तर त्या बाईकडं काहीच उरणार नव्हतं.

आवाज आला तो बांगड्यांचा. मी बघितलं. द्वारका उठून उभी होती, एका अंगाला वळलेली, आणि तिनं डोक्यावरून पदर घेतला होता. पास नाही की नापास नाही. घरचा माणूस अचानक दारात आला की बाई जसा घेते, तसा पदर.

मग अगदी बारीक आवाजात तिनं मला विचारलं, "मावशी, ह्यांना ऐकू जातंय का?"

मी म्हणले, "अग, अजून डोळे नाहीत."

"कान तर हायेत."

मी हात धुवायच्या निमित्तानं बाहेर गेले. ती आत काय बोलली ते मला माहीत नाही आणि मी कधी विचारलं नाही. परत आले तेव्हा तोंड पुसून उभी होती. म्हणली, "आता भाऊजीम्होरं मला चुकलं म्हणता यायचं न्हाई. ह्यांच्या तोंडावर कसं खोटं बोलू?"

म्हणजे माणूस परत मिळाला, आणि तो मिळाल्यामुळंच आता जाणार होता. हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

सोमवारी बालाजीराव तावातावानं शेडमध्ये शिरले. "दाखवा मावशी, कसंबी असू द्या—" आणि थांबले. टोपी काढली. "दादा," म्हणले. पाया पडायला वाकले, तर अर्धपुतळ्याला पाय कुठले? खालच्या फळीवर हात चाचपडत राहिले, आणि तिथंच बसले.

द्वारका भिंतीशी उभी होती. एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या झाकलेल्या. मला माझं काम करणं भाग होतं. मी कोरणी उचलली आणि विचारलं, "बालाजीराव, पास का?"

त्यांनी कोरणीकडं बघितलं. मातीकडं बघितलं. शेडमध्ये नुसती पत्रा तापल्याची कडकड ऐकू येत होती.

"आजच खोदावे लागतेत का डोळे?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा."

"तसं न्हाई, मावशी." ते फळीला धरून उठले. "मला असं वाटायलंय, डोळे उघडले की ह्यो मला पयलं इचारील, बाल्या, मला किती शोधलंस? पुसट फोटू घेऊन फिरलो आम्ही. असं तोंड कुठं दाखवलं कुणाला?"

मग ते भावजयीकडं न बघता म्हणले, "वहिनी, येत्या पितराला ऱ्हाऊ द्या. त्याच्या फुडच्या पितरापस्तोर थांबतो. तवर ह्यो चेहरा घेऊन परत शोधू. पन तवर घावला न्हाई, तर मंग मला आडवायचं न्हाई. माझी बी लेकरं हायेत."

द्वारकेनं मान हलवली. ती हो म्हणताना मी बघितली आहे, म्हणून सांगते, पुतळ्याच्या डोळ्यांपेक्षा मला त्या होकाराची भीती वाटते.

त्याच दिवशी बालाजीरावांनी मोबाईलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढले. समोरून, दोन्ही कानांकडून, मागून, गाठीच्या जवळून. ते गावोगाव धाडले. पास कुणी म्हणलं नव्हतं, पण माती किती दिवस ओली ठेवणार, म्हणून मी साचा काढून सिमेंटचा पुतळा केला, डोळे कोरेच ठेवून. आपल्याकडं पुतळ्याला तांब्याचा नाहीतर सोनेरी रंग देतात. द्वारका म्हणली, "तसला रंग मेलेल्याला असतो. माणसाचा द्या." मग मी उन्हानं रापलेला रंग लावला, कानाच्या पाळीला जरा लाल, दाढीच्या जागी निळसर. निळा सदरा रंगवला. गळ्यात हार घालायला कुणाचा हात धजू नये, म्हणून कॉलर उंच घेतली. माणसाचं अंग आणि डोळे कोरे, असं ते ध्यान आता माझ्या घरापुढच्या ओट्यावर रस्त्याकडं तोंड करून बसलंय. चुडाव्याला ठेवायची सोय नव्हती. तिथं कुणी तरी भीतीनं फोडला असता, नाहीतर भक्तीनं हार घातला असता. आणि किशनराव निघाला होता तो परभणीलाच यायला. निदान त्याचं तोंड तरी इथं पोचलं.

माझी गिऱ्हाइकं आता ओट्याच्या दुसऱ्या अंगानं येतात. पोरं पळत जातात. मीही सकाळी झाडताना त्याच्याकडं बघत नाही. कुणी रस्त्यात गाडी थांबवून जास्त वेळ बघत राहिलं, की हातातला झाडू थांबतो. वाटतं, आता हा काय सांगतो? बघितलंय म्हणतो का? कुठं, आणि कसल्या हालात? द्वारका बाजाराला आली की येते, ओट्याखाली बसते, त्याच्या पाठीकडच्या बाजूला. यंदाची पितरं नुकतीच झाली. किशनरावाचं ताट वाढलं नाही. त्या पंधरवड्यात बालाजीरावांची धाकटी पुन्हा तापली आणि त्यांचा फोन आला, "मावशी, मी चुकलो का?" पोरगी बरी झाली. पण मला तेव्हा हो म्हणता आलं नाही आणि नाही म्हणता आलं नाही.

तेव्हा माझं एक ऐका. हा अंक वाचून झाला की परभणीला या. गाडीतून उतरलात की कुणालाही मूर्तीवाल्या मावशीचं घर विचारा. अर्धशिशीचा त्रास असलेला, मान डावीकडं कलती धरणारा, उजव्या कानामागं बोराच्या बीएवढी गाठ असलेला माणूस. एखाद्या स्टेशनावर असेल, एखाद्या मठात असेल, कुणाच्या शेतात राखणीला असेल, कदाचित स्वतःचं नाव विसरला असेल. नाक कसं आहे ते मी लिहीत नाही. नाकाचं सांगून काय होतं ते मी बघितलंय. नाक तुम्ही येऊन बघा. भोवती फिरून, मागूनसुद्धा बघा. ओळख पटली, तर तिथंच ओरडू नका. ओट्याखाली हिरव्या बांगड्यांची बाई बसलेली असेल तर आधी मला बाजूला घ्या, काय असेल ते माझ्या कानात सांगा. तिला मी सांगेन.

चहा ठेवीन, जेवायला वाढीन. फक्त उशीर करू नका. पुढचा भाद्रपद लागला की बालाजीराव येतील आणि मला कोरणी उचलावी लागेल. त्याच्या आत या.